ताप आणून कॅन्सरशी लढणारा सर्जन: विल्यम कोली यांची गोष्ट

युरोपातल्या काही कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये एक वेगळंच मशीन दिसतं. पेशंट पलंगावर आडवा असतो. त्याच्या पोटाभोवती किंवा मांडीभोवती एक मोठी कडी असते. कडी आणि अंग यांच्यामध्ये पाण्याने भरलेली पिशवी असते. कडीतल्या अँटेनांमधून रेडिओ लहरी शरीरात जातात आणि आत खोलवर असलेली गाठ हळूहळू तापत जाते. ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत, साधारण तासभर.

या उपचाराला हायपरथर्मिया म्हणतात. तो सहसा एकटा दिला जात नाही. सोबत रेडिएशन किंवा केमोथेरपी असते आणि त्या उपचाराचा जोर वाढवणं हे उष्णतेचं काम असतं.

हे तंत्र आजचं वाटत असलं तरी त्याच्या इतिहासात मागे गेलं की एक नाव हमखास लागतं. न्यूयॉर्कचे सर्जन डॉ. विल्यम कोली. त्यांच्याकडे ना अँटेना होत्या, ना शरीराच्या आतलं तापमान मोजायची सोय. त्यांनी पेशंटना मुद्दाम ताप आणला, तोही जंतू टोचून. त्यात काही जण बरे झाले, काही जण दगावले. आणि ताप नेमकं काय करतो हे कोली यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

१७ वर्षांची पेशंट

विल्यम कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, वेस्टपोर्ट इथे झाला. येल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी दोन वर्षं शाळेत शिकवलं. मग हार्वर्डमधून डॉक्टरकी पूर्ण केली आणि ते न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये रुजू झाले.

१८९० च्या शरद ऋतूत त्यांच्याकडे बेसी डॅशिएल नावाची १७ वर्षांची मुलगी आली. रेल्वेच्या प्रवासात तिचा उजवा हात सीटमध्ये चेमटला होता. दुखापत किरकोळ होती, पण हात सुजलेला राहिला आणि वेदना थांबेनात. आधी हा साधा संसर्ग वाटला. मग सुजेचा तुकडा काढून तपासला गेला आणि निदान झालं सार्कोमाचं.

सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू, चरबी अशा ऊतींमध्ये होणारा कॅन्सर. त्या काळी त्यावर एकच उपाय होता, कापून काढणं. एक्स-रेचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती. केमोथेरपी तर अर्धशतक दूर होती. कोली यांनी बेसीचा हात कोपराखालून कापला. तोवर उशीर झाला होता. आजार अंगभर पसरत गेला आणि जानेवारी १८९१ मध्ये बेसी गेली.

कोली तेव्हा जेमतेम २९ वर्षांचे होते. या मृत्यूने ते हादरले. बेसीच्या जवळच्या मित्रांपैकी एक होता जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर, अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत घराण्याचा वारस. पुढे कॅन्सर संशोधनाला रॉकफेलर घराण्याने जी मदत केली, तिच्या मुळाशीही हाच मृत्यू असल्याचं मानलं जातं.

जुन्या फाइलींमधला माणूस

आपल्याला जमलं नाही ते कधी कुणाला जमलंय का, हे शोधायला कोली हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी चाळू लागले. सार्कोमाच्या पेशंटच्या एकेक फाइली. बहुतेकांचा शेवट सारखाच होता.

एक फाइल मात्र वेगळी निघाली. फ्रेड स्टाइन नावाच्या जर्मन स्थलांतरिताच्या मानेवर सार्कोमाची गाठ होती. अनेक ऑपरेशनं झाली, तरी गाठ पुन्हा पुन्हा उगवत होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यातच ऑपरेशनच्या जखमेत धावरे झालं. धावरे म्हणजे इरिसिपेलस. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे कातडी लालभडक होते, सुजते आणि जोराचा ताप भरतो. अँटिबायोटिक्स नसलेल्या काळात हा आजार जीवघेणा होता.

स्टाइन मात्र वाचला. इतकंच नाही, ताप उतरला तसतशी गाठही विरघळत गेली. हॉस्पिटलने त्याला घरी पाठवलं आणि नोंद तिथेच संपली.

कोली यांनी त्या माणसाला गाठायचं ठरवलं. सात वर्षं उलटली होती. हातात होतं फक्त नाव. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्त्या होत्या. तिथल्या चाळीवजा इमारतींमध्ये विचारत विचारत कोली फिरले आणि अखेर स्टाइन सापडला. धडधाकट. मानेवर जखमेचा मोठा व्रण होता, पण गाठीचा मागमूस नव्हता.

असं पाहणारे कोली पहिले नव्हते. जर्मनीत विल्हेल्म बुश या सर्जननेही १८६० च्या दशकात धावरे झाल्यावर एका पेशंटची गाठ आटल्याचं नोंदवलं होतं. १८८० च्या दशकात फ्रिड्रिख फेलाइझेन यांनी धावरेचा जंतू वेगळा काढून दाखवला आणि कॅन्सरच्या पेशंटवर त्याचे प्रयोगही केले. त्या नोंदी मात्र विखुरलेल्या राहिल्या. कोली यांनी पुढची चाळीसहून जास्त वर्षं या एकाच प्रश्नाला दिली.

मुद्दाम दिलेला आजार

मे १८९१ मध्ये कोली यांनी पहिला प्रयोग केला. पेशंट होता एक इटालियन स्थलांतरित. मानेवर आणि घशात सार्कोमाच्या गाठी होत्या, घास गिळणंही कठीण झालं होतं. कोली यांनी त्याच्या गाठीत धावरेचे जिवंत जंतू टोचले.

सुरुवातीला फार काही घडलं नाही. थोडा ताप यायचा, गाठ थोडी आक्रसायची, पुन्हा वाढायची. मग जास्त जहाल जंतू मिळवण्यात आले. ते बर्लिनहून, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून आले होते. ऑक्टोबरमध्ये पेशंटला खरंखुरं धावरे झालं. ताप इतका चढला की तो जातो की राहतो अशी वेळ आली. पण काही दिवसांत मानेवरची गाठ फुटून वाहू लागली आणि दोनेक आठवड्यांत नाहीशी झाली. हा माणूस त्यानंतर सुमारे आठ वर्षं जगला.

यश मोठं होतं, पण त्यातला धोकाही उघड होता. काहींना कितीही टोचलं तरी धावरे व्हायचंच नाही. काहींना ते इतक्या जोराचं व्हायचं की आवरणं अशक्य. कोली यांचे दोन पेशंट या मुद्दाम दिलेल्या संसर्गानेच दगावले.

आज असा प्रयोग कुठल्याही नैतिक समितीपुढे उभा राहू शकणार नाही. तेव्हा अशा समित्या नव्हत्या आणि या पेशंटपुढे दुसरा मार्गही नव्हता. तरीही कोली यांनी ते मृत्यू नजरेआड केले नाहीत. त्यांनी पद्धत बदलली.

जिवंत जंतूंऐवजी त्यांनी मारलेले जंतू वापरायला सुरुवात केली. धावरेचा स्ट्रेप्टोकॉकस आणि त्याच्या जोडीला दुसरा एक जंतू, ज्याला आज सेराशिया मार्सेसेन्स म्हणतात. दोन्ही उष्णतेने मारून त्यांचं मिश्रण करायचं. याने संसर्ग होण्याची भीती नाही, पण शरीर मात्र संसर्ग झाल्यासारखंच वागतं. थंडी वाजते, हुडहुडी भरते, ताप चढतो. हेच मिश्रण पुढे कोलीज टॉक्सिन म्हणून ओळखलं गेलं.

पोटातली गाठ आणि १६ वर्षांचा मुलगा

जानेवारी १८९३ मध्ये हे मिश्रण एका १६ वर्षांच्या मुलाला देण्यात आलं. त्याच्या पोटात सार्कोमाची भलीमोठी गाठ होती, ऑपरेशनच्या आवाक्याबाहेरची. कोली थोड्या थोड्या दिवसांनी इंजेक्शन द्यायचे आणि डोस हळूहळू वाढवायचे. प्रत्येक इंजेक्शननंतर ताप चढायचा, उतरायचा. मे महिन्यापर्यंत हा क्रम चालला. गाठ आटत गेली. मुलगा बरा होऊन घरी गेला आणि पुढे सुमारे २६ वर्षं जगला. त्याचा मृत्यू झाला तो हृदयविकाराने.

कोली यांचा एक आग्रह कायम होता, ताप यायलाच हवा. ज्यांना नीट ताप चढत नाही त्यांना गुण येत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. उपचार काही आठवडे, गरज पडली तर काही महिने चालू ठेवायचे, हा दुसरा आग्रह. १८९३ मध्येच त्यांनी आपल्या दहा पेशंटचे अनुभव प्रसिद्ध केले. १८९९ पासून पार्क-डेव्हिस ही मोठी औषध कंपनी हे मिश्रण बनवून विकू लागली.

याच सुमाराला, १८९८ मध्ये, स्वीडनमध्ये फ्रान्स वेस्टरमार्क हे स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळ्या वाटेने निघाले होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर त्यांनी धातूच्या नळीतून गरम पाणी खेळवून थेट गाठीलाच उष्णता दिली. जंतू नाहीत, ताप नाही, फक्त शेक. काही गाठी आक्रसल्या. कोली यांची वाट अख्ख्या शरीराला तापवण्याची, तर वेस्टरमार्क यांची फक्त गाठ तापवण्याची. या दोन वाटांचा हिशेब लागायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली.

सगळ्यांना का जमलं नाही?

कोली यांना यश मिळालं, तर इतर डॉक्टरांच्या हाती निराशा का आली? याची कारणं साधी होती.

पहिलं म्हणजे औषध एकसारखं नव्हतं. कोलीज टॉक्सिन या एकाच नावाखाली वर्षानुवर्षांत डझनाहून जास्त प्रकार तयार झाले आणि त्यांची ताकद वेगवेगळी होती. काहींनी कमकुवत मिश्रण वापरलं आणि गुण येत नाही म्हणून सोडून दिलं.

दुसरं म्हणजे देण्याची पद्धत. कुणी गाठीत टोचायचं, कुणी स्नायूत, कुणी शिरेत. कुणी चार इंजेक्शनांवर थांबायचं. रोज पेशंटला हुडहुडी भरवायची, रात्रभर ताप मोजायचा, पुढचा डोस त्यावरून ठरवायचा, हे किचकट काम होतं आणि त्यात धोकाही होता.

तिसरी अडचण कोली यांच्या स्वतःच्या नोंदींची. त्या नेटक्या नव्हत्या. कुणाचा पाठपुरावा सलग होता, कुणाचा तुटक. तुलनेसाठी पेशंटचा दुसरा गट ठेवायचा असतो, ही पद्धत तर तेव्हा रुजलेलीच नव्हती. त्यामुळे टीकाकारांना एक प्रश्न सहज विचारता यायचा. बरे झालेल्यांना खरंच कॅन्सर होता का, की निदानच चुकलं होतं?

कोली यांची ओळख केवळ या टॉक्सिनपुरती नव्हती. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं मोठं नाव होतं. पण मन गुंतलं होतं ते सार्कोमातच.

एक्स-रे आला आणि चित्र बदललं

१८९५ मध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांनी एक्स-रे शोधले. तीन वर्षांनी मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. किरणांनी गाठी आटतात हे लवकरच दिसून आलं आणि सगळ्या वैद्यकीय जगाला नवी आशा मिळाली.

कोली या नव्या शोधाकडे पाठ फिरवून बसले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी एक्स-रेचे उपचार करून पाहिले. त्यांचं मत पडलं की किरणांचा परिणाम जिथे पडतात तेवढ्यापुरताच असतो आणि बऱ्याचदा तो टिकत नाही.

त्यांच्याच मेमोरियल हॉस्पिटलमध्ये याच्या अगदी उलट मताचे एक गृहस्थ होते, पॅथॉलॉजिस्ट जेम्स युइंग. हाडांच्या एका कॅन्सरला आजही युइंग सार्कोमा म्हणतात, ते हेच. युइंग यांचा भरवसा रेडिएशनवर होता. खाण उद्योगपती जेम्स डग्लस यांची मुलगी कॅन्सरने गेली होती. त्यांनी या हॉस्पिटलला मोठी देणगी आणि रेडियम दिलं. त्यामुळे युइंग यांचं पारडं आणखी जड झालं. कोली यांच्या बऱ्या झालेल्या पेशंटच्या निदानावरच युइंग यांनी शंका घेतली. एकाच छताखाली दोघांचा हा वाद वर्षानुवर्षं चालला.

पण या वादाकडे फक्त दोन माणसांचं भांडण म्हणून पाहिलं तर खरी गोष्ट निसटते. रेडिएशन जिंकलं, कारण ते मोजता येत होतं. किती किरण, किती वेळ, कुठल्या जागी हे ठरवता यायचं, लिहून ठेवता यायचं. एका शहरातला डोस दुसऱ्या शहरात तसाच देता यायचा. तापाचं तसं नव्हतं. एकाच इंजेक्शनने एकाला ३८ अंश ताप यायचा, तर दुसऱ्याला ४०. गाठीच्या आत नेमकं किती तापमान झालं, हे तर कुणालाच कळत नव्हतं.

म्हणून रेडिएशन की टॉक्सिन, असा प्रश्न उभा राहिला आणि त्याचं उत्तर रेडिएशन असं आलं. दोन्ही एकत्र दिलं तर काय होईल, हे काटेकोरपणे तपासायची वेळ तेव्हा आलीच नाही.

मुलीने उघडलेली कपाटं

विल्यम कोली यांचं निधन १६ एप्रिल १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालं. वय होतं ७४. तोवर त्यांच्या उपचाराचा वापर बराच ओसरला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर केमोथेरपीची औषधं आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पार्क-डेव्हिसने टॉक्सिन बनवणं बंद केलं. अमेरिकेत औषधांचे कायदे कडक झाल्यावर १९६३ मध्ये सरकारी औषध प्रशासनाने त्याला नव्या औषधाचा दर्जा दिला. म्हणजे पुन्हा वापरायचं तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. काही काळ तर ते सिद्ध न झालेल्या उपचारांच्या यादीतही जाऊन बसलं.

गोष्ट इथेच संपली असती, पण कोली यांची मुलगी हेलन कोली नॉट्स हिने वडिलांची कागदपत्रं उघडली. ती डॉक्टर नव्हती. तिला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. पण हजारो पत्रं आणि टिपणं वाचता वाचता तिला वाटू लागलं की इथे चरित्रापेक्षा मोठं काहीतरी आहे. मग तिने सुमारे एक हजार पेशंटच्या नोंदी जमवल्या. कुणाला कुठलं मिश्रण दिलं, किती वेळा, ताप किती आला, पुढे किती जगले हे सगळं लावून ठेवलं. जे वडिलांनी केलं नव्हतं ते मुलीने केलं.

१९५३ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटची स्थापना केली. सुरुवातीच्या दोन हजार डॉलरची मदत नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून मिळाली. म्हणजे बेसीच्या त्या मित्राच्या मुलाकडून.

तापात नेमकं काय होतं?

पुढच्या संशोधनातून एकाच तापाचे दोन धागे वेगळे झाले.

एक धागा रोगप्रतिकारशक्तीचा. मारलेल्या जंतूंमुळे शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते आणि त्या झटापटीत कॅन्सरच्या पेशीही तिच्या तावडीत सापडतात. १९७५ मध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा घटक शोधला. जंतूंच्या विषामुळे शरीरात तयार होणारा हा घटक प्राण्यांमधल्या गाठी मारत होता. आजच्या इम्युनोथेरपीचा इतिहास सांगताना कोली यांना तिचे जनक म्हटलं जातं ते यामुळेच.

दुसरा धागा उष्णतेचा. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात. त्यामुळे गाठीच्या काही भागांत ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथे आम्लता वाढते. रेडिएशनचा मारा परिणामकारक व्हायला ऑक्सिजन लागतो. म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत. उष्णतेचं उलट आहे. अशाच उपाशी, आम्ल वातावरणातल्या पेशी उष्णतेने लवकर मरतात. म्हणजे एक जिथे कमी पडतं, तिथे दुसरं कामाला येतं.

शिवाय रेडिएशनने पेशीतला डीएनए तुटतो आणि पेशी तो दुरुस्त करायच्या मागे लागते. ४१-४२ अंशांच्या उष्णतेत हे दुरुस्तीचं काम मंदावतं. मध्यम उष्णतेने गाठीतला रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे ऑक्सिजनही जास्त पोचतो आणि केमोथेरपीचं औषधही. निरोगी भागातल्या रक्तवाहिन्या फुलून जादा उष्णता वाहून नेतात. गाठीला ते तितकंसं जमत नाही.

म्हणजे कोली आणि युइंग ज्या दोन गोष्टींवरून भांडले, त्या एकमेकींच्या विरोधात नव्हत्याच. त्या एकमेकींना पूरक होत्या.

खोलवरच्या गाठीला शेक कसा द्यायचा?

१९७० च्या दशकात हा विषय पुन्हा चर्चेत आला. १९७५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हायपरथर्मिया आणि रेडिएशन यांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पण अडचण तीच होती. कातडीजवळची गाठ तापवणं सोपं. ओटीपोटात आत लपलेली गाठ तापवायची तर वरची कातडी आणि चरबी आधी भाजेल.

यावर तोडगा निघाला तो सुरुवातीला पाहिलेल्या त्या कडीचा. चारही बाजूंनी येणाऱ्या रेडिओ लहरी गाठीच्या जागी एकमेकींना मिळतात, त्यामुळे तिथे उष्णता सर्वांत जास्त. पाण्याची पिशवी कातडीला थंड ठेवते. गाठीच्या आत किंवा जवळ बारीक तापमापक सरकवलेले असतात. वेस्टरमार्क यांचा शेक आता आतपर्यंत पोचू लागला आणि कोली यांना जे मोजता आलं नव्हतं ते मोजता येऊ लागलं.

मग चाचण्या झाल्या. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात गर्भाशयमुख, मूत्राशय आणि गुदाशय यांचा वाढलेला कॅन्सर असलेल्या ३५८ पेशंटवर अभ्यास झाला. काहींना फक्त रेडिएशन दिलं, काहींना रेडिएशनसोबत आठवड्यातून एकदा उष्णता. सर्वांत मोठा फरक दिसला तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये. फक्त रेडिएशन घेतलेल्यांपैकी २७ टक्के बायका तीन वर्षांनी हयात होत्या, तर उष्णताही मिळालेल्यांपैकी ५१ टक्के.

सगळे निकाल असे नव्हते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ११० पेशंटवर झालेल्या चाचणीत उष्णतेचा फायदा दिसला नाही. गाठ पुरेशी आणि सगळीकडे सारखी तापली का, हा प्रश्न अशा वेळी कळीचा ठरतो. शिवाय याच सुमाराला रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देण्याची पद्धत रूढ झाली. ती सोपी होती. त्यासाठी ना खास मशीन लागतं, ना वेगळे तंत्रज्ञ. म्हणून हायपरथर्मिया आजही मोजक्याच केंद्रांपुरती राहिली आहे.

उष्णता आणि केमोथेरपी यांची आणखी एक जोडी मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांमध्येही वापरली जाते. तिचं नाव हायपेक. पोटात पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी ऑपरेशन करून काढतात आणि मग गरम केलेलं केमोथेरपीचं औषध पोटाच्या पोकळीत फिरवतात. नेदरलँड्समधल्याच एका चाचणीत अंडाशयाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या २४५ पेशंटपैकी हायपेक मिळालेल्यांचं आयुर्मान सरासरी ३४ महिन्यांवरून सुमारे ४६ महिन्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुन्हा सार्कोमापाशी

त्याच वर्षी आणखी एका चाचणीचे दीर्घकालीन निकाल आले. युरोप आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी मिळून सार्कोमाच्या ३४१ पेशंटचा अभ्यास केला होता. सगळे जास्त जोखमीचे, अनेकांच्या गाठी खोलवरच्या. निम्म्यांना केमोथेरपी दिली, निम्म्यांना केमोथेरपीसोबत गाठीच्या भागाला उष्णता. ऑपरेशन आणि गरजेनुसार रेडिएशन दोन्ही गटांना होतं. पाच वर्षांनी फक्त केमोथेरपीच्या गटातले सुमारे ५१ टक्के पेशंट हयात होते, उष्णता मिळालेल्या गटातले सुमारे ६३ टक्के. दहा वर्षांनीही फरक टिकून होता, ४३ टक्के विरुद्ध ५३ टक्के.

हा फरक जादू म्हणावी इतका मोठा नाही. पण दर १०० पेशंटमागे साधारण दहा माणसं जास्त जगली, तीही अशा आजारात जिथे पर्याय आजही थोडे आहेत.

यावरून घरी ताप अंगावर काढावा, गाठीला शेक द्यावा किंवा कुठल्या तरी बाबाच्या वाफेच्या खोलीत जाऊन बसावं, असा अर्थ अजिबात निघत नाही. गरम पाण्याची पिशवी कातडी तापवते, आतली गाठ नाही. हायपरथर्मिया उपयोगी पडते ती ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वेळी आणि रेडिएशन किंवा केमोथेरपीच्या जोडीनेच. या मूळ उपचारांना तो पर्याय नाही. तो आपल्या पेशंटला लागू आहे का, हे उपचार करणाऱ्या कॅन्सरतज्ज्ञालाच विचारायला हवं.

कोली यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. त्यांच्याकडे ते सिद्ध करायची साधनं नव्हती आणि सिद्ध न करता पुढे जाण्याची किंमत त्यांच्या काही पेशंटनी मोजली. त्यांच्यावर शंका घेणारे युइंगही पूर्ण चुकीचे नव्हते. पुरावा मागणं हे त्यांचं कामच होतं. तो पुरावा जमायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

बेसी डॅशिएल १७ वर्षांची असताना तिच्या डॉक्टरकडे एक करवत होती आणि काही दिलासा. आज तिच्यासारखा सार्कोमा घेऊन कुणी मोठ्या केंद्रात गेलं तर ऑपरेशन, रेडिएशन, केमोथेरपी आणि काही ठिकाणी त्यांच्या जोडीला तासभराची मोजून दिलेली उष्णता मिळू शकते. हात वाचण्याची शक्यता असते, आणि जीवही.